आसईची चौदावी लढाई

"तोफा कुठे आहेत तुझ्या?" आठल्येनं विचारलं.

"जिथं असायला पाहिजेत तिथं."

"म्हणजे कुठे?"

"आठल्ये, या खेळात तू इंग्रज आहेस. मराठाच इंग्रजाला तोफांचा पत्ता सांगत बसला असता तर आसईला लढाई कशाला झाली असती? चहा झाला असता."

तो हसला. तो आसामात, मी इथं. त्याचं हसू तारेतून येताना मधेच कुठंतरी तुटायचं आणि शेवटचा तुकडा तेवढा कानात पडायचा.

"तुळशा, तेराव्या वेळीही तू असाच बोलला होतास. नंतर काय झालं?"

काय झालं ते त्यालाही माहीत होतं, मलाही, आणि निसारभाईंच्या एसटीडी बूथसमोर रांगेत उभ्या असलेल्या सगळ्या गावालाही. तेराव्या वेळीही मी हरलो होतो.

रविवारी फोनचा दर निम्मा, त्यामुळं बूथवर ही गर्दी. गल्ल्याच्या फळीवर माझा नकाशा पसरलेला. खाली केळना नदी, वर जुई नदी, मधल्या पाचरीत मराठ्यांची फौज. मराठे म्हणजे चिंचोके. इंग्रज म्हणजे सोड्याच्या बाटल्यांची बुचं. आसामात आठल्येपुढं हुबेहूब असाच नकाशा, फक्त त्याच्याकडं चिंचोक्यांऐवजी शर्टाची बटणं. त्यानं चाल सांगितली की मी त्याचं बूच सरकवायचं, मी सांगितली की त्यानं माझं बटण.

फासा मात्र दोघांनीही टाकायचा नाही. फोनवर कोणाला काय दिसतंय? मला सहा पडले असं मी रोज सांगितलं असतं. म्हणून फासा निसारभाई टाकायचे. स्टीलच्या पेल्यात खुळखुळवायचे, फळीवर पालथा घालायचे आणि रिसीव्हरमध्ये आकडा ओरडायचे. माझ्या तोफा कुठं लपवल्यात ते मी खेळ सुरू व्हायच्या आधी एका चिठ्ठीवर लिहून त्यांच्याकडं द्यायचो. चिठ्ठी त्यांच्या कुबडीच्या दांड्याला रबरानं बांधलेली असायची, म्हणजे मला मधे बदलता येऊ नये. निसारभाई पंच म्हणून कडक. एकदा त्यांच्या सख्ख्या मेव्हण्यानं "तोफ डावीकडं घ्या ना" असं मला सुचवलं, तर त्याला त्यांनी रांगेच्या शेवटी पाठवलं.

हा खेळ आम्ही दोघांनी बनवला. जालन्याच्या एका लोखंडाच्या मिलमध्ये आम्ही चार वर्षं एका पाळीत होतो. आठल्ये, मधुसूदन आठल्ये, नकाशे काढायच्या खोलीत पंख्याखाली. मी भट्टीवर. माझी शाळा नववीत सुटली. पुढचं सगळं मी तालुक्याच्या वाचनालयात उभ्यानं वाचलं, कारण खुर्ची फक्त सभासदाला होती. आसईच्या लढाईवर जेवढं मिळालं तेवढं मी वाचलं, कारण ती लढाई माझ्या गावच्या शिवारात झाली आणि तिच्यावर बोलणारे सगळे शिवाराबाहेरचे. डब्याच्या सुट्टीत मी आठल्येला ती लढाई भाकरीच्या तुकड्यांनी मांडून दाखवली. दुसऱ्या दिवशी तो षटकोनी घरं आखलेला कागद घेऊन आला. कागद त्याचा होता आणि आसई माझी. तोफांचे नियम माझे. मेल्याचं सोंग घेऊन पडलेले मराठे गोलंदाज इंग्रज पुढं गेल्यावर उठतात आणि पाठीमागून तोफ डागतात, तो नियमही माझाच.

मग तो आसामात तेलाच्या कारखान्यात गेला. माझी मिल सुटली आणि मी गावात विहिरीवरच्या जळालेल्या मोटारींची तार भरायचं दुकान टाकलं. खेळ फोनवर आला.

त्या साली, म्हणजे शहाण्णव साली, पुण्याच्या एका खेळणीवाल्यानं हा खेळ छापायचं कबूल केलं. आठल्येनं मला खोक्याच्या झाकणाचा नमुना पाठवला. वर लिहिलं होतं: निर्मिती, मधुसूदन आठल्ये. खाली मुंगीएवढ्या अक्षरात: साहाय्य, टी. हिवराळे.

तो टी. म्हणजे मी. तुळशीराम.

साहाय्य! लग्नात पंगतीला पाणी वाढणारा साहाय्य करतो. मी असलं पत्र लिहिलं की त्याला ते बायकोपासून लपवावं लागलं, हे त्यानंच नंतर सांगितलं. त्याचं उत्तर दोन ओळींचं होतं. "जो खेळ तुला तेरा वेळांत एकदाही जिंकता आला नाही, त्याचा कर्ता तू कसा? एकदा जिंकून दाखव, नावं कोणती आणि कुठल्या क्रमानं ते तू ठरव."

नमुना सोमवारी पुण्याला परत जायचा होता. हा रविवार शेवटचा होता.

म्हणून त्या दिवशी रांगेतलं कोणीच "आवरा की लवकर" म्हणत नव्हतं.

"बरं," आठल्ये म्हणाला, "माझी फौज केळनेच्या दक्षिणेला उभी आहे. मला पलीकडे यायचंय."

"ये ना. घर तुझंच आहे."

"पाणी उथळ असलेला पिंपळगावचा उतार लांब आहे. दोन चाली जातील."

"चाल की. खायला-प्यायला बरोबर घे."

रांगेतले हसले. निसारभाईंनी डोळे वटारले. माझ्या सगळ्या तोफा, एकूण एक, पिंपळगावच्या उताराकडं तोंड करून होत्या. पुस्तकांत इंग्रज तिथूनच उतरले, नकाशात उतार तो एकच, आठल्ये तेराही वेळा तिथूनच आला होता. या वेळी मी पाठ पूर्ण उघडी टाकली आणि सगळं त्या एका जागी लावलं. तो तिथून आला तर मेला. दुसरीकडून आला तर मी मेलो.

"तुळशा," आठल्ये सावकाश म्हणाला, "एक विचारू? तू तिथला आहेस म्हणून विचारतो. पिंपळगावच्या वरच्या अंगाला, म्हसोबाच्या देवळापाशी, नदी ओलांडता येते का?"

माझ्या हातातला चिंचोका खाली पडला.

आमच्या खेळात एक नियम होता, आणि तो मीच हट्टानं घालून घेतला होता. नकाशा जिथं गप्प आहे तिथं वाटाड्याचा शब्द अखेरचा. वाटाड्या मी, कारण गाव माझं. पुस्तकवाल्यांनी माझं शिवार मला शिकवायचं नाही, एवढाच त्यामागचा हेतू. इंग्रजांकडून खेळताना याच वाटाड्याला वाट विचारावी लागेल, हे चार वर्षांत ना त्याच्या डोक्यात आलं ना माझ्या.

आणि म्हसोबापाशी उतार आहे. आमचं अख्खं गाव तिथून जातं. तो माझ्या तोफांच्या बरोबर पाठीमागं येतो.

मी निसारभाईंकडं पाहिलं. त्यांनी नजर छताला लावली. "मी पंच हाय," ते पुटपुटले. "पंचाला नदी माहीत नसती."

आता खरं सांगतो. मला क्षणभरसुद्धा लाज वाटली नाही. तेव्हाच्या इंग्रज साहेबानंही गावच्या वाटाड्यांना हेच विचारलं होतं, आणि पुढं उतार नाही असं त्यांनी सांगितलं; समोरासमोर दोन गावं दिसली म्हणून साहेबानं पिंपळगावचा उतार स्वतःच ताडला. त्या वाटाड्यांची नावं मला कुठल्या पुस्तकात सापडली नाहीत. त्यांना माहीत नव्हतं असं पुस्तकवाले धरून चालतात. नदीकाठच्या माणसाला नदी माहीत नसते! माझं मत कायम एकच होतं. ते बेधडक खोटं बोलले, आणि त्या दिवशी बिनहत्यारानं लढलेले तेवढेच.

"नाही," मी म्हणालो. "म्हसोबापाशी उतार नाही."

"नक्की?"

"डोह आहे. दोन पुरुष पाणी."

"कोन म्हन्तं नाही?"

हे फोनमधून आलं नव्हतं. माझ्या पाठीमागून आलं होतं.

ठकूबाई गाडेकर. वय सत्तरच्या पुढं, अंगानं बोराटीची काटकी आणि आवाज असा की पलीकडच्या शिवारातली शेळी नाव घेऊन बोलवावी. नाशिकला दिलेल्या लेकीला फोन लावायला ती दर रविवारी यायची आणि नंबर येईपर्यंत जमिनीवर बसून पान लावायची. आमच्या लढाईकडं तिनं आजवर ढुंकून पाहिलं नव्हतं. पण तिच्या उताराला कोणीतरी नाही म्हणालं होतं.

"आजी, तुम्ही बसा," मी रिसीव्हरवर हात ठेवून म्हणालो.

"बसतीच हाये मी. तू कामून खोटं बोलायला? म्हसोबापाशी उतार नाही? मह्या शेळ्या काय उडत जात्यात का रं? रोज सकाळी जाती अन् रोज सांजच्याला येती. गुडघ्याला पानी लागत नाही!"

हात ठेवून काही उपयोग नव्हता. ठकूबाईचा आवाज हाडातून जायचा.

"तुळशा," आठल्येचा आवाज बदलला. "कोण बोललं ते?"

मी रिसीव्हर दुसऱ्या कानाला लावला.

"कोणीतरी बाई म्हणाली ना, उतार आहे?"

निसारभाईंची नजर छतावरून उतरून माझ्यावर.

उत्तर तयार होतं. तोंडात अगदी पुढच्या दातांपाशी आलं होतं. "एक म्हातारी आहे रे, तिला काय कळतंय." एवढं म्हटलं की झालं. वाटाड्याचा शब्द अखेरचा. आठल्ये नियमाचा पक्का, त्यानं मानलं असतं. झाकणावर माझं नाव आलं असतं.

मी तोंड उघडलं आणि ते वाक्य मला माझ्याच कानात दुसऱ्यांच्या आवाजात ऐकू आलं. वाचनालयाच्या कारकुनाच्या. मिलच्या फोरमनच्या. मी तोफांचा नियम सांगत होतो तेव्हा आठल्येच्या खोलीतला दुसरा चष्मेवाला ड्राफ्ट्समन काय म्हणाला होता? भट्टीवरचा आहे तो, त्याला काय कळतंय.

ठकूबाई खालून माझ्याकडं पाहत होती. हातात पान तसंच, चुना अर्धा लावलेला.

"आहे," मी म्हणालो.

"काय आहे?"

"उतार आहे. म्हसोबापाशी. गुडघ्याच्या खाली पाणी. मी खोटं बोललो. बाई खरं बोलतीय."

रांगेतून कोणीतरी कपाळावर हात मारल्याचा आवाज आला. तो बहुतेक निसारभाईंचा मेव्हणा.

फोनमध्ये नुसती खरखर. मला वाटलं लाइन कटली.

मग आठल्ये हसायला लागला. आधी बारीक, मग असा की रिसीव्हर कानापासून लांब धरावा लागला.

"वा! वा रे पठ्ठ्या! नाटक बसवलंस?"

"कसलं नाटक?"

"म्हातारी कुठून आणलीस? आवाज झकास आहे हं! आधी तू नाही म्हणायचं, मग ती ओरडणार, मग तू रडक्या आवाजात कबूल करणार, आणि मी आपला बुचं घेऊन म्हसोबाच्या डोहात! तुळशा, तेरा लढाया खेळलोय तुझ्याशी. मला काय पेठेतलं पोर समजलास?"

"आठल्ये, खरंच उतार आहे."

"हो हो."

"शपथ घेतो!"

"कोणाची? तू देव मानत नाहीस, आईबापाची शपथ म्हणजे अडाणीपणा म्हणतोस. तुझ्या शपथेला तारण काय?"

आयुष्यात पहिल्यांदा मला देव नसल्याची अडचण झाली.

"निसारभाईंना विचार," मी म्हणालो.

निसारभाईंनी रिसीव्हर माझ्या हातातून घेतला. घसा साफ केला. "आठल्येसाब, मी पंच. मी नदीवर बोलनार नाही. फासा टाकाचा आसन तं सांगा." आणि रिसीव्हर परत माझ्या हातात.

"बघ!" आठल्ये ओरडला. "पंचसुद्धा हो म्हणायला तयार नाही!"

"अरे बाबा, आता नियमानं बोलतो. वाटाड्याचा शब्द अखेरचा. वाटाड्या म्हणतोय उतार आहे."

"वाटाड्याने दोन शब्द दिले. एक नाही, एक आहे. मी सेनापती आहे, त्यातला कोणता घ्यायचा ते मी ठरवणार. आणि माझ्यापुढे पुस्तक उघडं आहे, तुळशा. पुस्तकात म्हसोबाचा उतार नाही. पिंपळगावचा आहे. माझी सगळी फौज पिंपळगावहून उतरते. लिही."

"बघ हं. पुन्हा विचार कर."

"लिही म्हणतो ना!"

मी एकेक बूच उचललं आणि पिंपळगावच्या उतारावर नेऊन ठेवलं. मी त्याला तीनदा खरं सांगितलं होतं. याहून जास्त खरं मला बोलता येत नाही.

निसारभाईंनी कुबडीचं रबर काढलं, चिठ्ठी उलगडली आणि बातम्या दिल्यासारखी वाचली. "सगळ्या तोफा. पिंपळगावचा उतार. सही, तु. हिवराळे."

पलीकडून एक बारीक आवाज आला. सायकलच्या टायरमधून हवा जाते तसा.

पुढं फार काही सांगण्यासारखं नाही. पेला पालथा पडत गेला. पाच. सहा. चार. सहा. प्रत्येक आकड्याला रांग ओरडायची आणि मी एक बूच उचलून खिशात टाकायचो. आठल्येनं शेवटची घोडेस्वारांची तुकडी कशीबशी काठावर चढवली, तर माझे मेल्याचं सोंग घेतलेले गोलंदाज उठले. माझा नियम. सहा.

"सरले का साहेब?" ठकूबाईनं विचारलं.

"सरले."

"कुन्या उतारानं गेलते?"

"लांबच्या."

"अन् मी बोंबलून सांगितलं ते?"

"त्याला खरं वाटलं नाही, आजी."

ठकूबाईनं पान तोंडात टाकलं, दोनदा चावलं आणि माझ्याकडं असं पाहिलं, जणू मी नदीत तिची शेळी बुडवली होती.

"त्यो तुव्हा वैरी व्हता?"

"खेळातला."

"मंग आदी सांगाचं नाही का रं, मुडद्या! मी बी म्हनले असते नाही म्हनून. डोह हाये म्हनले असते, मगर हाये म्हनले असते!"

दोनशे वर्षांपूर्वीच्या वाटाड्यांबद्दल मला जी शंका शिल्लक होती ती तिथं मिटली.

फोन अजून चालू होता. मीटर पळत होतं. "तुळशा," आठल्ये म्हणाला. "एकच सांग. डोह होता ना?"

"नव्हता."

"गुडघाभर?"

"त्याच्याही खाली. तेवढंही आता पावसाळा आहे म्हणून. उन्हाळ्यात चप्पल भिजत नाही."

पलीकडं त्यानं पुस्तक फटकन मिटलं. मग म्हणाला, "म्हणजे मी तिच्यावर विश्वास ठेवला असता तर..."

"तर चौदाव्यांदा जिंकला असतास. तेरा वेळा पुस्तकानं जिंकलास, एकदा पुस्तकानं हरलास. तक्रार काय आहे?"

"काही नाही." त्याच्या आवाजात हसू परत येत होतं, पण या वेळी जरा दमानं. "हरलो. नाव सांग. तुझं पहिलं ना? उद्या तार करतो पुण्याला."

"पहिलं ठकूबाई गाडेकर."

"कोण ठकूबाई?"

"जिला तू नाटकातली समजलास ती."

"अरे, पण तिने काय केलं?"

"तुझा नकाशा चुकला होता, तो तिनं दुरुस्त केला. फुकट. तू ऐकलं नाहीस, ही तुझी अडचण. दुसरं तुळशीराम हिवराळे. टी. नाही, अख्खं. तिसरं तू."

"मी तिसरा? कागद माझा, आखणी माझी, चार वर्षं मी..."

"साहाय्य लिहू का?"

आठल्ये म्हणाला, "तिसरा चालेल." आणि लगेच, "नकाशात तो म्हसोबाचा उतार घालू ना? नेमका कुठे येतो ते मोजून पाठव." हा माणूस मला का आवडतो ते मला त्या वाक्यानं पुन्हा कळलं. तसं त्याला मी कधी सांगितलं नाही, आणि आताही सांगणार नाही. आता तो मोबाइलवर तोंड दाखवून खेळतो, त्याचा फासा मला दिसतो, आणि अठ्ठेचाळीस लढायांत मी नऊ जिंकल्यात.

दिवाळीनंतर खोकं आलं. पुठ्ठा हलका होता, तोफांचा रंग चिंचेच्या कोळासारखा लागला होता, आणि तो खेळ सगळा मिळून दोनशेही खपला नसेल. मी रविवारी बूथवर घेऊन गेलो. निसारभाईंनी चष्मा लावून झाकण मोठ्यानं वाचलं आणि पंचाचं नाव कुठं नाही म्हणून दिवसभर माझ्याशी बोलले नाहीत. त्यांचं चूक नव्हतं.

ठकूबाई नेहमीच्या जागी बसली होती. मी तिच्यापुढं उकिडवा बसलो. तिला अक्षर येत नव्हतं. मी तिचं बोट धरून झाकणावर ठेवलं.

"ह्ये काय हाये?"

"तुमचं नाव. ठकूबाई गाडेकर. सगळ्यात वर."

तिनं बोट तिथंच ठेवलं. उचलेना. मग हळूच खाली सरकवलं.

"अन् ह्यो?"

"हा मी."

बोट आणखी खाली गेलं.

"अन् ह्यो सगळ्यात मागचा?"

"तो साहेब. पिंपळगावच्या उतारानं गेलेला."

ठकूबाईनं मान हलवली. तिला त्यात काही नवल वाटलं नाही.

"मंग," ती म्हणाली, "एवढा वळसा मारून आल्यावर मागंच पोचनार की."